दर दोन तासाला नेट का जातंय? – वाचकांचे प्रश्न

या महिन्याची टपाल आणि मेल उघडून बसलो तर एकाच दुखण्याचे प्रश्न निघाले, कोणाचं नेट ठरल्या वेळेला जातंय, कोणाचं लाईट जाऊन आली की येईना, कोणाचं फक्त रविवारीच रुसतंय, आणि सगळ्यांच्या पत्रात कुठं ना कुठं 'रिन्यू', म्हणजे नेटच्या पत्त्याची मुदत वाढवून घेणं, हा शब्द आहेच. म्हणून या वेळी प्रिंटरवाले, पेनड्राइव्हवाले जरा थांबा, तुमचं पुढच्या अंकात.

एक आधीच सांगतो म्हणजे दरवेळी सांगावं लागणार नाही. खाली ज्या कमांड आहेत त्या काळ्या खिडकीत मारायच्या. स्टार्टमधे सीएमडी टाइप केलं की कमांड प्रॉम्प्ट दिसतं, त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. कमांड इथं देवनागरीत छापल्यात, तुम्ही अर्थातच इंग्रजी अक्षरांत मारा. आयपीकॉन्फिग हा सलग एकच शब्द, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून पुढचा शब्द. मागं एका वाचकानं स्लॅशनंतर पण स्पेस देऊन पंधरा दिवस माझ्या नावानं बोटं मोडली होती.

प्रश्न : नमस्कार सर. उदगीरला घरी डेस्कटॉप आहे, केबलनं राउटरला जोडलेला. मिसेस शाळेत शिक्षिका, त्यांचं ऑनलाइन माहिती भरायचं काम घरूनच असतंय. सकाळी सातला कॉम्प्युटर लावला की नऊच्या सुमारास नेट गपकन जातंय, रिस्टार्ट केलं की येतंय, अकराच्या पुढं परत जातंय. मोबाईलला तेच वायफाय झकास चालतंय. केबल बदलली, राउटर नवीन आणला, एक पोरगा येऊन जॅक बदलून गेला, सगळे मिळून अडीच हजार गेले. आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू मारलं तर लई वेळ थांबतंय आणि मग 'अनेबल टू कॉन्टॅक्ट युवर डीएचसीपी सर्व्हर' असं इंग्रजीत येतंय. कामून व्हायलंय हे?

उत्तर : सर, अडीच हजाराचं वाईट वाटलं, पण तुम्ही घड्याळ बघून वेळ कळवली हे लई बरं केलं. खराब केबल घड्याळ बघून बंद पडत नसते, ती कधीबी पडते. ठरल्या वेळेला जातंय म्हणजे मुदतीचं काहीतरी आहे.

तुमच्या कॉम्प्युटरला घरातल्या घरात जो पत्ता मिळतो, १९२.१६८ नं सुरू होणारा, तो त्याच्या मालकीचा नसतो. राउटर तो मुदतीवर देतो, त्यालाच लीज म्हणतात, आणि देण्याघेण्याची जी रीत आहे ती डीएचसीपी. आपल्याकडं शेत ठोक्यानं देतात ना, पाडवा ते पाडवा, अगदी तसंच. आता शहाणा ठोकेवाला पाडव्याची वाट बघत बसत नाही. साल अर्धं सरलं, म्हणजे घटस्थापनेलाच, तो मालकाच्या घरी जाऊन म्हणतो, पुढं मीच करतो बरं का. मालक हो म्हणाला की त्या दिवसापासून परत पूरं साल मोजायचं. मालक गावाला गेलेला असला तर हा पुन्हा चक्कर मारतो. तरी उत्तर नाही आणि माघी पौर्णिमा आली, म्हणजे दीडच महिना राहिला, तर मग मात्र तो पारावर उभं राहून सगळ्या गावाला विचारतो की कोणी शेत देतं का. पाडव्यापर्यंत कोणीच हो म्हणालं नाही तर औत सोडायचं आणि बांधावर यायचं.

कॉम्प्युटर हुबेहूब हेच करतो. मुदतीचा निम्मा वेळ झाला की ज्या राउटरनं पत्ता दिला त्यालाच थेट विचारतो. साडेसत्त्याऐंशी टक्के वेळ गेला तरी उत्तर नसलं तर घरभर ओरडून विचारतो. पूर्ण संपली की पत्ता सोडून देतो, आणि तुम्हाला वाटतंय नेट गेलं. हे आकडे माझ्या मनचे नाहीत, राल्फ ड्रोम्स यांनी मार्च १९९७ मधे जो आरएफसी २१३१ हा इंटरनेटच्या नियमांचा कागद लिहिला त्यात हेच दिलेत आणि आजही घरोघर तेच चालतात.

तुमच्या राउटरची मुदत १२० मिनिटं असणार, घरगुती राउटरमधे कंपनीकडूनच एवढी लावलेली पुष्कळदा दिसते. म्हणजे सकाळी ७:१० ला पत्ता मिळाला, ८:१० ला कॉम्प्युटरनं हळूच विचारलं, उत्तर आलं नाही, ८:५५ ला ओरडून विचारलं, तेव्हाही नाही, ९:१० ला पत्ता गेला. बिचारा तासभर दार वाजवत होता आणि मॅडम तिकडं माहिती भरत होत्या, स्क्रीनवर कुठं काही दिसलं नाही. दुखणं आठ वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं आणि तुम्ही शोधत बसला नऊनंतर.

हे खरं का खोटं ते उद्याच बघा. ७:१० ला कॉम्प्युटर लावा आणि आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा. खाली खाली 'लीज ऑब्टेन्ड' आणि 'लीज एक्स्पायर्स' अशा दोन ओळी सापडतील, त्या वहीत लिहून घ्या. मग ८:२० ला परत तीच कमांड. सगळं ठीक असेल तर एक्स्पायर्सची वेळ पुढं सरकलेली दिसेल, ९:१० ची १०:१० झालेली असेल. ९:१० च राहिली तर चोर सापडला, रिन्यू होईना.

आता का होईना? मोबाईल नीट चालतोय म्हणजे राउटर पत्ते देतोय आणि मुदत पण वाढवून देतोय. गडबड तुमच्या कॉम्प्युटरच्या आतच आहे आणि माझा पहिला संशय अँटिव्हायरसवर. कॉम्प्युटर घेतला तेव्हा वर्षभर फुकट म्हणून कोणीतरी एक टाकून दिलेला असतो, वर्ष संपतं, तो कोपऱ्यात लाल रंगात बोंबलत राहतो, आपण त्याच्याकडं बघतच नाही. पण त्याची फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारावरचा पहारा, आत बसूनच असते आणि बिघडली की राउटरचं उत्तर दारातच अडवते. डीएचसीपीचं बोलणं यूडीपी या निरोप पाठवायच्या पद्धतीच्या दोन पोर्टवर, म्हणजे नंबर दिलेल्या दोन खिडक्यांवर, चालतं, राउटरकडं ६७ आणि आपल्याकडं ६८, यातला ६८ चा रस्ता अडला की झालं. रिस्टार्टनंतर पत्ता मिळतो तो कसा, असं तुम्ही विचारणार. सुरू होताना विंडोज पत्ता आधी मागून घेतं आणि ही फायरवॉल डोळे चोळत नंतर उठते, तेवढ्या फटीत काम होऊन जातं. माझ्या स्वतःच्या घरी हेच झालं होतं आणि मीही आधी केबलच बदलली होती, तेव्हा तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

तर तो मुदत संपलेला अँटिव्हायरस पूर्ण काढा. नुसता डिसेबल करून भागत नाही, आणि कंट्रोल पॅनलमधून काढला तरी शेपूट राहतं, बहुतेक अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइटवर तो साफ उपटायचं वेगळं टूल मिळतं ते चालवा. मग विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलमधे जाऊन 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' करा, तिथल्या इनबाउंड रूल्समधे कोअर नेटवर्किंग नावाखाली डीएचसीपी-इन असा नियम असतो, त्याच्यापुढं हिरवी खूण पाहिजे. रिस्टार्ट करा आणि परत ८:२० ची परीक्षा घ्या.

याउपरही झालं नाही तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्जमधे सिस्टिम, त्यात डीएचसीपी-क्लायंटच्या नोंदी शोधा. १००३ दिसला तर विचारलं पण रिन्यू झालं नाही असा अर्थ. १००२ दिसला तर राउटरनं तोंडावर नाही म्हटलं, ते वेगळं प्रकरण, खाली अंबाजोगाईच्या दादांचं उत्तर वाचा. 'नेटश इंट आयपी रिसेट' ही नेटची सेटिंग मूळपदावर आणणारी कमांड लोक देवीच्या अंगाऱ्यासारखी सगळ्यालाच लावतात, माझ्या मते ती सगळ्यात शेवटी.

आणि एक. कोणीतरी सांगेल की राउटरमधे लीज टाइम वाढवून २४ तास करा, प्रश्नच मिटला. मिटत नाही सर, दोन तासांनी जायचं ते चोवीस तासांनी जाईल, आणि मग कारण शोधायला घड्याळाचीही साथ राहणार नाही.

प्रश्न : मी पुण्यात जॉबला, अण्णा आणि आई औशात. अण्णांच्या कॉम्प्युटरला इन्व्हर्टर आहे पण लाईट जाऊन आली की नेट नसतं, फोनवर विचारलं तर आयपी १६९.२५४ असा काहीतरी सांगतात. कधी पाच-दहा मिनिटांनी आपोआप येतं. परवा नेट चालू असताना म्हटलं कायमचं नीट करून टाकू, रिमोटनं आत शिरलो, आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज मारलं आणि माझ्याकडची स्क्रीनच गेली. मग फोनवर अण्णांना स्लॅश म्हणजे कोणती रेघ हे समजवण्यात पाऊण तास गेला, आई मागून म्हणत होती जेवण निवतंय. हे परत होऊ नये म्हणून काय करू?

उत्तर : भाऊ, ज्या फांदीवर बसलात तीच तोडली की हो. रिलीज म्हणजे पत्ता परत करणं. पत्ता परत केला की त्या पत्त्यावरून चाललेलं तुमचं रिमोट पण गेलं, आता रिन्यू मारणार कोण? दुरून करायचं झालंच तर दोन्ही कमांड एकाच ओळीत, मधे अँडची चिन्हं दोन, म्हणजे रिलीज झालं की रिन्यू तिथलं तिथं आपोआप होतं, तुमची स्क्रीन थोडा वेळ जाते आणि परत जोडून घेता येते. पण खरं सांगू का, रिलीजची तुम्हाला गरजच नव्हती. नुसतं रिन्यू मारलं असतं तरी चाललं असतं.

आता मूळ दुखणं. १६९.२५४ हा पत्ता राउटरनं दिलेला नसतो. कॉम्प्युटरनं हाका मारल्या, कोणीच ओ दिली नाही, तेव्हा त्यानं स्वतःच स्वतःला एक नंबर देऊन घेतला, असा त्याचा अर्थ. त्या नंबरावर नेट मिळत नाही. म्हणून कोणी १६९.२५४ म्हटलं की मी विंडोजकडं नंतर बघतो, आधी विचारतो की राउटर जागा होता का.

तुमच्याकडं काय होतंय ते मला औशाला न येता दिसतंय. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, आणि राउटर अन् ते फायबरचं डबडं टीव्हीशेजारच्या साध्या बोर्डावर. बरोबर ना? लाईट गेली की राउटर मेला, कॉम्प्युटर जिवंत. लाईट आली की राउटरचे केबलचे दिवे लगेच लागतात पण आतला पत्ते वाटणारा कारकून टेबलावर यायला अजून वेळ असतो. कॉम्प्युटरला वाटतं आली की लाईन, तो लगेच विचारतो, उत्तर नाही. जुनी मुदत शिल्लक असली तर विंडोज राउटरला पिंग करून, म्हणजे जागा आहेस का असं विचारून, पण बघतं, त्याचंही उत्तर आलं नाही की झालं, १६९.२५४. त्यानंतर दर पाच मिनिटांनी ते परत विचारून बघतं, म्हणून तुमचं 'पाच-दहा मिनिटांनी आपोआप' येतं. अण्णांना वाटत असेल मी हलवलं म्हणून आलं, वाटू द्या.

उपाय दहा मिनिटांचा आहे, राउटर आणि फायबरचं डबडं दोन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, किंवा राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो तो लावा. राउटरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून घ्या, काही ९ चे असतात, उगी १२ चा लावून राउटर भाजायचा. दोन्ही डबडी घ्या म्हणतो ते विसरू नका, नुसता राउटर घेतला तर पत्ता राहील आणि नेट जाईल, मग तुम्ही मला परत पत्र लिहाल. अण्णांच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी एवढंच चिकटवा : लाईट आल्यावर तीन मिनिटं हात लावायचा नाही, तरी नाही आलं तर नेटची वायर कॉम्प्युटरमागून काढून परत खोचायची. वायर खोचली की विंडोज नव्यानं पत्ता मागतंच, त्याला स्लॅश लागत नाही आणि आईचं जेवणही निवत नाही.

प्रश्न : अंबाजोगाईहून लिहितोय. वरच्या मजल्यावर रेंज येत नव्हती म्हणून दाजींनी त्यांच्याकडचा जुना राउटर दिला, खालच्या राउटरमधून वायर वर नेऊन त्यात खोचली, रेंज फुल आली. पण तेव्हापासून कॉम्प्युटर कधी चालतो कधी नाही. रिन्यू मारलं तर एरर येत नाही, पत्ता पण मिळतो, तरी नेट नाही. परत दोन-तीनदा रिन्यू केलं की कधीतरी चालू होतं. इव्हेंट व्ह्यूअरमधे १००२ नंबर दिसला.

उत्तर : दादा, दाजींना नावं ठेवायची आपली परंपरा नाही, पण वायर चुकीच्या भोकात गेलीय. किंवा बरोबर भोकात गेलीय आणि एक काम करायचं राहिलंय, बघा कसं.

आता तुमच्या घरात पत्ते वाटणारे दोघं झाले. खालचा राउटर समजा १९२.१६८.१.१ आणि दाजींचा १९२.१६८.०.१. तुमच्या कॉम्प्युटरनं हाक मारली की दोघं ओ देतात आणि ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचं तो घेतो. खालच्याचं आलं तर नेट चालू. दाजींच्याचं आलं तर पत्ता झकास मिळतो, पण त्यात बाहेर जायचा दरवाजा म्हणून दाजींचा राउटर लिहिलेला असतो आणि त्याच्यामागं नेटच नाही. एका वाड्यात दोन कारभारी, एक म्हणतो पूर्वेच्या दारानं जा, तिकडं भिंत. आणि १००२ येतोय तो यातूनच : एकाकडचा पत्ता घेऊन दुसऱ्याला विचारलं की हा चालू ठेवू का, तर तो साफ नाही म्हणतो, माझ्या वहीत असा पत्ताच नाही.

खात्री करायला जेव्हा नेट नसेल तेव्हा आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा आणि 'डिफॉल्ट गेटवे' आणि 'डीएचसीपी सर्व्हर' या दोन ओळी वाचा. चालू असताना परत वाचा. आकडे वेगळे आले की माझं म्हणणं खरं.

दुरुस्ती अशी, दाजींचा राउटर एकदा बाकी सगळ्यापासून तोडून नुसता कॉम्प्युटरला जोडा, ब्राउझरमधे १९२.१६८.०.१ टाकून आत जा, त्यात ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा आणि मोकळे व्हा. जुन्यात तो नसतो, मग हातानं करायचं : त्याचा स्वतःचा पत्ता खालच्याच रांगेतला द्या, १९२.१६८.१.२ चालेल, फक्त खालचा राउटर वाटतो त्या आकड्यांत तो येत नाही ना ते बघा, मग डीएचसीपी सर्व्हर बंद करा, सेव्ह करा, आणि खालून आलेली वायर पिवळ्या किंवा काळ्या लॅन भोकांपैकी एकात खोचा, ती वेगळ्या रंगाची एकटी वॅनची जागा रिकामीच सोडा. क्रम महत्त्वाचा आहे, आधी पत्ता बदला मग डीएचसीपी बंद करा, उलटं केलं तर दाजींच्या राउटरमधे परत शिरायला तुम्हालाच हातानं आयपी टाकावा लागेल.

प्रश्न : लातूरला आमच्या वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणाऱ्या चौदा मुली राहतात, वायफाय एकच, मीच दिलंय. माझा कॉम्प्युटर मी रविवारी संध्याकाळीच उघडते, भिशीचा हिशेब असतो. नेमकं तेव्हाच नेट मिळत नाही, मुलींचं मात्र चालू. मंगळवारी वगैरे सहज लावला तर लगेच चालतो. कोणी काही मुद्दाम करतंय का?

उत्तर : ताई, पोरींवर संशय नको, त्यांना अभ्यासातून वेळ नाही. रविवारी त्यांना भेटायला कोण येतं? आईबाप, भाऊ, मावशी, डबे घेऊन. आणि आल्या आल्या पहिला प्रश्न, वायफायचा पासवर्ड काय.

राउटरकडं वाटायचे पत्ते मोजके असतात. तुमचा समजा १०० ते १४९ वाटत असेल, म्हणजे झाले ५०. चौदा मुलींचे फोन आणि टॅब मिळून अठ्ठावीस, तुमचे दोन फोन, टीव्ही, कॅमेरे, आणि रविवारी पाहुण्यांचे पंधरा-वीस फोन, संपले की पन्नास. मुदत २४ तासांची असेल तर पाहुणे संध्याकाळच्या एसटीनं निघून गेले तरी त्यांचे पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्याच नावावर अडकून. ज्यांचे फोन कायम चालू त्यांची मुदत मधेच वाढत राहते, त्यांना काही कळत नाही. तुम्ही आठवड्यानं येणाऱ्या, तुमचा पत्ता तोवर कोणीतरी घेतलेला. त्यात नव्या फोनांची एक सवय, अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपली खरी ओळख सांगत नाही, बनावट मॅक ॲड्रेस दाखवतो, आणि तो बदलला की राउटरला तोच फोन नवा पाहुणा वाटतो, त्याला आणखी एक पत्ता.

राउटरच्या आत डीएचसीपीच्या पानावर जा, शेवटचा आकडा १४९ आहे तिथं २४९ करा, लीज टाइम १२० मिनिटं करा. तुमच्यासारख्या घराला मुदत छोटीच बरी, जिथं माणसं येतात जातात तिथं सालाचा करार करत नसतात. आणि त्याच पानाजवळ 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं, तिथं तुमच्या कॉम्प्युटरचा फिजिकल ॲड्रेस, तो बारा अक्षरांचा, आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलमधे दिसतो, तो टाकून एक पत्ता तुमच्या नावावर राखून ठेवा. मग गर्दी कितीही होऊ दे, भिशीचा पाट मांडलेलाच राहील.

प्रश्न : जालन्याहून. नेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला, सगळ्यांचं चालू झालं, माझ्या कॉम्प्युटरचं नाही. रिन्यू मारलं की 'नो ॲडॅप्टर इज इन द स्टेट परमिसिबल' असं येतंय.

उत्तर : कधीतरी कोणीतरी, बहुतेक प्रिंटर शेअर करायला, तुमच्या कॉम्प्युटरला आयपी हातानं टाकून ठेवलाय. स्वतःच लिहिलेल्या पत्त्याला रिन्यू कोणाकडून करणार, म्हणून ती एरर. नव्या राउटरची रांग वेगळी, जुना पत्ता तिथं चालत नाही. सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट, तिथं 'आयपी असाइनमेंट'समोर मॅन्युअल दिसेल, एडिट करून ऑटोमॅटिक करा, डीएनएस पण ऑटोमॅटिक. वायर निघालेली असली तरी रिन्यू होत नाही, तर आधी मागं वाकून बघा. प्रिंटरला पत्ता कायम पाहिजे असेल तर वर लातूरच्या ताईंना सांगितलं तसं राउटरमधे राखून ठेवा.

प्रश्न : हिंगोलीहून. आयपीकॉन्फिग ऑलमधे लीज ऑब्टेन्ड १८८९ साल दाखवतंय. व्हायरस आहे का?

उत्तर : १८८९ मधे हिंगोलीत निजामाचं राज्य होतं, सहावे निजाम मीर महबूब अली खान गादीवर, आणि गावात त्यांच्या काँटिंजंटची, म्हणजे फौजेची, छावणी. त्यांच्याकडून पत्ता घेतला असेल तर सनद जपून ठेवा. नाहीतर हा सेकंदांच्या हिशेबाचा घोळ आहे, व्हायरस नाही. लीजची मुदत ३२ बिटांच्या आकड्यात सेकंदांनी मोजतात, त्यात जास्तीत जास्त साधारण १३६ वर्षं बसतात, आणि कॉम्प्युटरचं घड्याळ मधेच मागंपुढं उडालं की मोजणी उलटून तारीख तेवढीच मागं जाऊन पडते. तुमचं घड्याळ दरवेळी कॉम्प्युटर चालू केल्यावर मागं गेलेलं दिसतंय का? तसं असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा चपटा सेल असतो, घड्याळवाल्याकडंही मिळतो. सेल टाका, तारीख लावा, मग रिन्यू मारा.